बारा सेकंदांचा सोफा

माझ्या डोहाळजेवणाचे फोटो एव्हाना माझ्या ओळखीतल्या सगळ्यांचे बघून झालेत. (बघून लाइक न करणाऱ्यांची यादी माझ्याकडे तयार आहे!) हिरवी साडी, फुलांचा कमरपट्टा, डोक्यावर हा एवढा मुकुट आणि चेहऱ्यावर ‘जेवायला कधी वाढणार?’ असे भाव. पण त्या फोटोंमधली खरी सेलिब्रिटी मी नाहीच. नीट बघा. खरी सेलिब्रिटी माझ्या बुडाखाली आहे. आमचा सोफा.

हा सोफा अमेरिकन आहे. म्हणजे अमेरिकन स्टाइलचा वगैरे नाही, अस्सल तिथलाच. २००९ मध्ये ताई आणि जिजू लग्न करून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला गेले, तेव्हा त्यांच्या हॉलमध्ये एक गादी, एक टीव्ही आणि टीव्हीच्या खोक्याचं टीपॉय एवढंच फर्निचर होतं. शेजारचं कुटुंब घर बदलत होतं, त्यांनी चाळीस डॉलरला हा सोफा देऊन टाकला. जिजूंनी लगेच चाळीस गुणिले अठ्ठेचाळीस केलं. दोन हजारांच्या आत तीन माणसांचा सोफा! पुण्यात तेवढ्यात धड खुर्ची येत नाही. त्यात बसलं की माणूस खोल खोल जातो आणि उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. २०१६ मध्ये ते दोघं आणि पाच वर्षांचा आदी कायमचे परत आले, तेव्हा कंटेनरमधून सोफाही आला. ताईच्या फ्लॅटमध्ये तो मावेना, म्हणून कोथरूडला आईकडे राहिला. तेव्हापासून आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा ‘वा, काय मऊ आहे हो!’ म्हणतो आणि आई ‘अमेरिकेचा आहे’ असं सांगते, जणू तिनं स्वतः डोक्यावरून आणलाय.

तर डोहाळजेवणाला याच सोफ्याला फुलांच्या माळा लावून मला त्यावर बसवलं. ओटी भरून झाली, वाट्यांखाली पेढा-बर्फी ठेवून झाली (बर्फी निघाली, आणि काकूंनी बर्फी म्हणजे काय यावर वाद घातला), आणि त्या गडबडीत माझा मोबाइल सोफ्याच्या फटीत गेला. सातव्या महिन्यात वाकून मोबाइल काढणं हा ऑलिंपिक प्रकार आहे. शेवटी आदीनं गादी उचलली. खाली काय काय निघालं? मोबाइल, एक लेगोचा तुकडा, पाव डॉलरचं नाणं, बऱ्याच शेंगदाण्याच्या साली, आणि भरपूर पिवळट धूळ. फोमचा चुरा. आणि एक पांढरं लेबल.

आता मी आहे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. लेबल दिसलं की वाचायचं, ही आमची व्यावसायिक विकृती. त्यावर लिहिलं होतं की ही वस्तू कॅलिफोर्निया टेक्निकल बुलेटिन ११७ च्या ज्वलनशीलतेच्या अटी पूर्ण करते. बनवल्याची तारीख : मार्च २००१. खाली एक ओळ मोठ्या अक्षरांत : उघड्या ज्योतीजवळ काळजी घ्या. माझ्या समोर तेव्हा पाच निरांजनं तेवत होती.

रात्री झोप येईना (येतच नाही हल्ली, एका कुशीवर माणसानं किती झोपायचं?), म्हणून ते ‘बुलेटिन ११७’ काय आहे ते बघायला घेतलं. पहाटे साडेतीनला निखिल उठला तेव्हा मी पलंगावर बसून रडत होते. त्याला वाटलं, कळा सुरू झाल्या. बिचारा चपला घालून, गाडीची किल्ली घेऊन तयार.

तर हे प्रकरण असं आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियानं नियम केला, की सोफ्याच्या आतला फोम छोट्या उघड्या ज्योतीसमोर बारा सेकंद टिकला पाहिजे. फक्त बारा. पॉलियुरेथेन फोम हा पेट्रोलियमपासून बनतो, तो असा सहजासहजी टिकत नाही. मग कंपन्यांनी त्यात आगरोधक रसायनं घालायला सुरुवात केली. चिमूटभर नव्हे, फोमच्या वजनाच्या काही टक्के. कॅलिफोर्नियाचं मार्केट एवढं मोठं, की एका राज्यासाठी वेगळा सोफा बनवण्यापेक्षा सगळ्या अमेरिकेला तोच विकणं सोपं. म्हणून एका राज्याच्या नियमानं अख्ख्या देशाचे सोफे भरले.

या रसायनांपैकी सर्वांत गाजलेलं कुटुंब म्हणजे पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर. आपण सुटसुटीत पीबीडीई म्हणू. त्याची अडचण अशी, की ते फोममध्ये नुसतं मिसळलेलं असतं, रासायनिकदृष्ट्या घट्ट बांधलेलं नसतं. म्हणून वर्षानुवर्षं थोडं थोडं बाहेर पडत राहतं, घरातल्या धुळीवर बसतं, धूळ हाताला लागते, हात तोंडाशी जातो. म्हणजे आपण सोफ्यावर बसून भेळ खातो तेव्हा थोडा सोफाही खातो. शरीरात गेल्यावर ते चरबीत साठतं आणि तिथून निघायला त्याला काही वर्षं लागतात. आणि बाईच्या शरीरातली साठलेली चरबी सगळ्यात जास्त वापरली जाते कधी? दूध तयार होताना.

मला रडू आलं ते इथे.

हे पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आलं स्वीडनमध्ये. तिथे १९७२ पासून आईच्या दुधाचे नमुने जपून ठेवलेले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी ते जुने नमुने पुन्हा तपासले. डीडीटी आणि पीसीबी ही जुनी विषं वर्षागणिक कमी होत गेलेली दिसली, कारण त्यांच्यावर बंदी आली होती. पण पीबीडीईचा आलेख उलटा. दर पाच वर्षांनी दुप्पट. १९७२ ते १९९७ या पंचवीस वर्षांत पन्नासपटींहून जास्त. तरीही स्वीडनचे आकडे कमीच म्हणायचे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या बारा बाळंतिणी आणि त्यांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातलं प्रमाण स्वीडिश आई-बाळांच्या वीस ते शंभरपट होतं. आणि आईच्या रक्तात जेवढं, साधारण तेवढंच बाळाच्या. म्हणजे बाळानं अजून सोफा बघितलेलाही नाही, तरी हिशेब सुरू!

यानं होतं काय? पीबीडीईची रचना आपल्या थायरॉइडच्या हार्मोनसारखी दिसते. तिथे आयोडीन असतं, इथे ब्रोमीन. त्यामुळे शरीरात गफलत होऊ शकते. आणि पोटातल्या बाळाचा मेंदू घडतो तो थायरॉइड हार्मोनच्या भरवशावर, सुरुवातीचे महिने तर पूर्णपणे आईच्याच हार्मोनवर. मी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. (ऑफिसमधल्या आमच्या लंच ग्रुपमध्ये सहापैकी चौघी घेतात.) त्यामुळे हा परिच्छेद मी तीनदा वाचला.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी २००१ च्या हल्ल्यानंतर वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आसपासच्या हॉस्पिटलांत जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा केला. २१० बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. २०१० मध्ये निष्कर्ष आले : ज्यांच्या नाळेत पीबीडीई जास्त, ती मुलं पुढच्या सहा वर्षांतल्या बौद्धिक चाचण्यांमध्ये सरासरी थोडी मागे. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर आयांच्या मुलांबद्दल बर्कलीच्या संशोधकांनी असंच काहीसं सांगितलं : लक्ष लागणं, बोटांची बारीक कामं आणि बुद्ध्यांक, तिन्हींशी संबंध दिसला.

‘लक्ष लागणं’ हे शब्द वाचले आणि माझ्या डोळ्यांसमोर आदी आला.

आदी आता चौदाचा आहे. फुटबॉल खेळतो, तबल्याच्या क्लासला दांड्या मारतो, आणि अभ्यासाला बसला की दहाव्या मिनिटाला त्याला तहान लागते. शाळेतून दर वर्षी तोच शेरा : हुशार आहे, पण एकाग्रता कमी. ताईनं त्याच्यासाठी काय काय केलंय ते मला माहितीय. काउन्सेलर झाले, ब्राह्मी झाली, सूर्यनमस्कार झाले. आणि आदीचा जन्म २०११ चा. फ्रीमाँटचा. त्याच सोफ्याच्या काळातला.

मी ठरवलं, ताईला सांगायचं नाही. काय उपयोग? झालं ते झालं. फक्त सोफा गुपचूप घरातून घालवायचा. आईला फोन केला, ‘बाळ येणार, पाळणा लागणार, हॉलमध्ये जागा नको का? सोफा काढून टाकू.’ मला वाटलं, आई भांडेल. आई लगेच तयार! म्हणाली, ‘मी पण तोच विचार करत होते. सुमनमावशींना देऊन टाकू. त्यांच्या सुनेला पण आठवा लागलाय, बिचारीला टेकायला नीट काही नाही घरात.’

झाली का पंचाईत? सुमनमावशी आमच्याकडे वीस वर्षं कामाला आहेत. माझ्या बाळाला जे नको, ते त्यांच्या नातवाला चालेल? टेस्टिंगच्या भाषेत याला बग फिक्स करणं म्हणत नाहीत. बग दुसऱ्या टीमकडे ढकलून तिकीट क्लोज करणं म्हणतात. आणि हे आम्ही ऑफिसमध्ये रोज करतो, त्यामुळे मला ते लगेच ओळखता आलं.

ऑनलाइन विकायचा विचार केला, पण तिथेही कुणीतरी ताई-जिजूंसारखं नवीन लग्न झालेलं जोडपंच येणार. भंगारवाला? तो फोम वेगळा काढणार, त्याचा चुरा होऊन स्वस्तातल्या उश्या-गाद्यांत जाणार. जाळून टाकायचा? तर ही रसायनं अर्धवट जळाली की त्यातून डायॉक्सिनच्या जातीची आणखी वाईट विषं तयार होतात. म्हणजे आगीपासून वाचवणारा सोफा सुखासुखी जाळताही येत नाही!

मग आईला खरं सांगावं लागलं. आईला सांगितलं म्हणजे ताईला कळलंच. आमच्या घरात दोघींच्या मध्ये फायरवॉल नाही.

रविवारी ताई आली. आली ती थेट सोफ्यासमोर जाऊन उभी राहिली. बसली नाही. बराच वेळ नुसती बघत होती. मग म्हणाली, ‘मी त्याला दीड वर्ष इथे बसून पाजलंय गं. रात्री दोन-दोन वाजता. तिथे कोण होतं मला? हा सोफा आणि मी.’ मी काहीतरी बोलायला गेले, तर तिनं थांबवलं. ‘एवढंच सांग. त्याचं लक्ष लागत नाही, ते यामुळे?’

मी सात महिने पोटुशी, आणि माझी मोठी बहीण माझ्याकडे असं बघतेय, जसं मी लहानपणी अंधारात जिन्यावर तिच्याकडे बघायचे.

मी तिला जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगते, कारण तेवढंच खरं आहे. एका मुलाबद्दल असं कुणीच सांगू शकत नाही. हे अभ्यास शेकडो मुलांच्या सरासरीचे असतात. सरासरी चार-पाच गुणांनी इकडेतिकडे होते, म्हणजे अमुक आईच्या अमुक मुलाला अमुक कारणानं झालं, असं नाही. चौदा वर्षांच्या मुलाला अभ्यासात तहान लागायला पीबीडीईची गरज नसते, मोबाइल पुरतो. पण ‘नक्कीच नाही’ असंही मी म्हणू शकले नाही, आणि तिला ते कळलं.

मग मी तिला सॅलिनासचीच दुसरी गोष्ट सांगितली. त्या आया मेक्सिकोतून आलेल्या. २०११ मध्ये संशोधकांनी तुलना केली : सात वर्षांच्या, कॅलिफोर्नियात वाढलेल्या मुलांमध्ये पीबीडीईचं प्रमाण त्यांच्या आयांच्या गरोदरपणातल्या प्रमाणाच्या तिप्पट, आणि मेक्सिकोत राहणाऱ्या तशाच मुलांच्या सातपट होतं. खाणंपिणं तेच, रक्त तेच, बदलली ती जागा. म्हणजे ते आईमुळे आलेलं नाही. पत्त्यामुळे आलंय. कुठल्या राज्यात कुठला नियम होता, यामुळे आलंय. ताईनं फक्त चाळीस डॉलरला सोफा घेतला. लेबल वाचलं असतं तरी तिला काय कळलं असतं? लेबलवर तर ‘सुरक्षित’ असल्याचीच ग्वाही होती!

आणि त्या ग्वाहीची गंमत ऐका. ११७ ची टेस्ट उघड्या फोमवर व्हायची. खऱ्या घरात फोम उघडा असतो का? त्यावर कापड असतं. आधी कापड पेटतं, मग ती मोठी आग फोमपर्यंत पोचते आणि तिथे बारा सेकंदांचा फोम काय करणार? त्यातून घरातल्या सोफ्यांच्या आगी बऱ्याचदा लागायच्या त्या मेणबत्तीनं नव्हे, सिगारेटच्या धुमसणाऱ्या थोटकानं. म्हणजे टेस्ट केस पास, प्रॉडक्ट फेल. आमच्या ऑफिसमध्ये असं कुणी केलं असतं तर अप्रेझलला रेटिंग गेलं असतं. हा नियम जवळजवळ चाळीस वर्षं टिकला.

तो बदलला कसा, ही गोष्ट मला फार आवडली. अर्लीन ब्लम नावाची एक बाई आहे. रसायनशास्त्रज्ञ, आणि गिर्यारोहकसुद्धा. १९७८ मध्ये बायकांची जी तुकडी अन्नपूर्णेवर गेली, तिची ही नेता. त्याच्या आदल्या वर्षी, १९७७ मध्ये, तिनं ब्रूस एम्स यांच्याबरोबर ‘सायन्स’मध्ये लेख लिहून दाखवून दिलं होतं, की लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांत घातलेलं ‘ट्रिस’ नावाचं आगरोधक रसायन कॅन्सरला कारण ठरू शकतं. काही महिन्यांत त्या कपड्यांवर बंदी आली. तिच्या जागी आलेला क्लोरिनेटेड ट्रिस नावाचा चुलतभाऊही कपड्यांमधून मागे घेतला गेला. विषय संपला? छे! तीस-पस्तीस वर्षांनी, २०११ मध्ये, ड्यूक विद्यापीठाच्या हेदर स्टेपलटन यांनी कारसीट, पाजायच्या उशा, बाळांच्या गाद्या अशा १०१ वस्तूंचा फोम तपासला. त्यातल्या ऐंशीमध्ये आगरोधक रसायनं निघाली, आणि सगळ्यात जास्त वेळा सापडला तो हाच चुलतभाऊ. पायजम्यातून काढला, उशीत घातला! पुढच्या वर्षी त्यांनी १०२ सोफे तपासले, तेव्हा ८५ टक्क्यांमध्ये काही ना काही निघालं.

त्याच वर्षी, २०१२ मध्ये, ‘शिकागो ट्रिब्यून’नं लेखमाला छापली. कॅलिफोर्नियात हा नियम बदलायचं निघालं की एक ‘नागरिक संघटना’ विरोधाला उभी राहायची. तिचे सभासद नागरिक होते किती? शून्य. तीन रसायन कंपन्या, बस. या संघटनेच्या बाजूनं एका नामवंत डॉक्टरनं आमदारांसमोर साक्ष दिली होती, की आगरोधक नसलेल्या उशीवर मेणबत्तीनं आग लागून काही आठवड्यांचं बाळ भाजून गेलं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असणार. वार्ताहरांनी शोधलं, तर असं बाळ कधी नव्हतंच. एका नसलेल्या बाळाच्या नावानं असलेल्या लाखो बाळांच्या घरात हे सगळं भरत राहिलं. ताईला हे सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. मला बरं वाटलं. मघाशी ती स्वतःवर चिडली होती.

शेवटी कॅलिफोर्नियानं नियम बदलला. नवी टेस्ट २०१५ पासून सक्तीची झाली, ती वरच्या कापडाची, धुमसण्याची. ती रसायनांशिवायही पास होता येते. २०२१ पासून हीच टेस्ट सगळ्या अमेरिकेला लागू झाली. पीबीडीईपैकी सोफ्यात घालायचा प्रकार तर तिथे २००४ च्या शेवटालाच बनायचा थांबला होता. २००९ मध्ये तो जगभरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेला. भारतानंही २०१८ मध्ये या कुटुंबातल्या बऱ्याच जणांवर बंदीचे नियम काढले.

आणि मग काय झालं माहितीये? आकडे खाली आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये २००८-०९ मध्ये आलेल्या गरोदर बायकांचं रक्त आणि २०११-१२ मध्ये आलेल्यांचं रक्त ताडून बघितलं, तर पीबीडीई जवळजवळ दोन तृतीयांशानं कमी! स्वीडनमध्येही आईच्या दुधातला आलेख उतरला. त्या बायकांनी कुठला डीटॉक्स ज्यूस प्यायला नव्हता. नियम बदलला, एवढंच.

‘पाजायचं की नाही?’ हा माझा खरा प्रश्न मी आमच्या डॉक्टरांना विचारला. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘पाजायचं. यात दुसरं मत नाही.’ या विषयावर काम करणारे शास्त्रज्ञही तेच सांगतात. दुधात हे सापडतं, कारण दूध तपासणं सोपं असतं. पण दुधातून बाळाला जे मिळतं, त्याचं पारडं खूप जड आहे. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या म्हणते, ते हे सगळं माहीत असूनच. तेव्हा माझ्यासारखं पहाटे साडेतीनला रडत बसू नका. दूध नाही बदलायचं, घर बदलायचं. म्हणजे घरातली धूळ!

आणि आपल्याकडे फार घाबरण्याचं कारणही नाही. आपल्या घरगुती सोफ्यांना तो बारा सेकंदांचा नियम कधी नव्हताच. आपल्याकडे धोका येतो तो दुसऱ्या दारानं : इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातून. जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये याच जातीची रसायनं असायची. ते प्लॅस्टिक वितळवून पुन्हा वापरलं, की ती नव्या वस्तूत येतात. चीनमधलं ग्वीयू हे अशा कचऱ्याचं जगातलं मोठं गाव होतं. तिथल्या नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्तात पीबीडीईचं प्रमाण शेजारच्या भागातल्या बाळांपेक्षा जास्त सापडलं. तेव्हा जुना मॉनिटर गल्लीतल्या भंगारवाल्याला देताना दोन मिनिटं विचार करा. तो तोडणाऱ्या माणसाच्याही घरी कुणीतरी बाळंतीण असू शकते.

(२०२४ मध्ये काळ्या प्लॅस्टिकच्या उलथन्यांवरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? त्या अभ्यासात ६० गुणिले ७,००० चं उत्तर ४,२०,००० ऐवजी ४२,००० लिहिलं होतं. एक शून्य कमी! त्यामुळे धोका दहापट मोठा दिसला. नंतर दुरुस्ती छापली. काळ्या उलथन्यांत ही रसायनं सापडली हे खरंच होतं, पण माझ्यातल्या टेस्टरला फार समाधान मिळालं.)

मग करायचं काय? फार काही नाही. कोरड्या झाडूनं धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसायचं. फोम बाहेर आलेली जुनी गादी, उशी किंवा कारसीट वापरायचं नाही. खाण्याआधी हात धुवायचे, आणि हे खास तुम्हाआम्हाला सांगायचंय, कारण बॉस्टनमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या ३१ जणांचा एक अभ्यास २०११ मध्ये झाला होता. दिवसातून बरेचदा हात धुणाऱ्यांच्या हातांवर आणि रक्तातही हे रसायन कमी सापडलं. तेव्हा कीबोर्डवर बोटं आणि बोटांत वेफर्स, हे बंद. आई जे लहानपणापासून ओरडतेय, त्याला आता पीअर रिव्ह्यू मिळालाय!

आणि सोफा? जुन्या सोफ्यातला नुसता फोम बदलला, तरी घरातल्या धुळीत ही रसायनं कमी होतात, असं उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात २०२१ मध्ये दिसलं. म्हणून जिजूंनी एक सोफा दुरुस्त करणारे काका शोधले. त्यांना आधी सगळं नीट समजावून सांगितलं, मास्क आणि हातमोजे दिले. मी तेव्हा चार किलोमीटर लांब माझ्या घरी होते, आईनं तशी सक्त ताकीदच दिली होती. काकांनी गच्चीवर फोम काढला, सांगाडा पुसला आणि आत चक्क कापसाच्या गाद्या भरून दिल्या. आता त्यात माणूस खोल जात नाही, ताठ बसतो. पाहुणे ‘मऊ आहे’ म्हणत नाहीत. आई मात्र अजूनही ‘अमेरिकेचा आहे’ म्हणते. आणि सुमनमावशींच्या सुनेला आम्ही नवी आरामखुर्ची घेऊन दिली. आईनं अर्धे पैसे माझ्याकडून घेतले.

परवा ताई आली, आणि त्या नव्या-जुन्या सोफ्यावर बसली. आदी शेजारी. पाव डॉलरचं ते नाणं बोटांवर फिरवत होता, या बोटावरून त्या बोटावर, एकदाही न पाडता. बराच वेळ. ताई त्याच्या हाताकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. कुणी काही बोललं नाही. मग आदीला तहान लागली.

काढलेला फोम मात्र दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, तोंडं घट्ट बांधून, गच्चीवरच्या खोलीत पडून आहे. विकायचा नाही, द्यायचा नाही, जाळायचा नाही. कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘ओला की सुका?’ त्याच्या तरी यादीत तिसरं काही कुठे आहे? तुमच्यापैकी कुणाला खरंच योग्य मार्ग माहीत असेल, तर कळवा. मी पिशव्यांवर मार्करनं लेबल लावून ठेवलंय, या वेळी सगळं खरं लिहून.

पुढचे काही महिने मी सुट्टीवर. परत येईन तेव्हा झोप झालेली नसेल, मुद्दे विसरलेले असतील आणि कदाचित कॉलम बाळाच्या ढेकरांवर असेल. चालवून घ्या. आणि हो, बर्फी म्हणजे काय, ते अजूनही काकू सांगत नाहीयेत.